‘छोटासाच बदल आहे’: आयटी आणि बिझनेस यांच्या मधे बसणाऱ्या माणसाचं काम

विक्री विभागाकडून आयटीला एका ओळीचा मेल येतो: ‘ग्राहकाला स्वतःची ऑर्डर ऑनलाइन रद्द करता यायला हवी. छोटासाच बदल आहे, पुढच्या आठवड्यात होईल ना?’ मेल पाठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक बटण असतं. बटण दाबलं, ऑर्डर रद्द झाली, विषय संपला. मेल वाचणाऱ्या डेव्हलपरलाही आधी तेच दिसतं. मग तो कोड उघडतो आणि एकेक प्रश्न डोकं वर काढायला लागतो.

ऑर्डर कुठपर्यंत रद्द करता येईल? गोदामात माल बांधून झाला असेल तर? पाच वस्तूंपैकी दोन रवाना झाल्या असतील तर अख्खी ऑर्डर रद्द करायची की उरलेल्या तीनच? ठरावीक रकमेच्या वर खरेदी झाली म्हणून सवलत दिली होती. तीन वस्तू काढल्यावर बिल त्या रकमेच्या खाली आलं. मग सवलत परत घ्यायची का? इन्व्हॉइस निघालं असेल तर ते नुसतं पुसून चालत नाही, क्रेडिट नोट, म्हणजे ती रक्कम ग्राहकाच्या नावे परत जमा दाखवणारा कागद, काढावी लागते. तिला मंजुरी कोण देणार? मागच्या महिन्याचे हिशेब बंद झाल्यावर त्या महिन्यातली ऑर्डर रद्द झाली, तर ती कुठल्या महिन्यात दाखवायची? विक्री प्रतिनिधीला कमिशन देऊन झालं असेल तर ते कापायचं की सोडून द्यायचं?

यातला एकही प्रश्न कॉम्प्युटरचा नाही. डेव्हलपरकडे याची उत्तरं नसतात, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा विक्री विभागाकडेही नसतात. आजवर असा प्रसंग आला की कुणीतरी गोदामात फोन करायचं, अकाउंट्समधलं कुणीतरी ‘या वेळी करून टाका’ म्हणायचं आणि काम भागायचं. नियम नव्हताच, होती ती सवय. माणसांना सवयीवर काम चालवता येतं, सॉफ्टवेअरला येत नाही. त्याला प्रत्येक फाट्यावर हो की नाही ते आधीच सांगून ठेवावं लागतं.

मधे कुणी नसलं तर काय होतं? काम अडून राहतं असं आपल्याला वाटेल, पण बहुतेक वेळा ते अडत नाही. तारीख जवळ आलेली असते, कोडमध्ये त्या जागी काहीतरी लिहावंच लागतं, म्हणून डेव्हलपर त्याला जे बरं वाटेल ते लिहितो. सवलत परत घ्यायची नाही, असं तो मनाशी ठरवतो. सहा महिन्यांनी अकाउंट्सच्या लक्षात येतं की लोक सवलतीच्या रकमेपर्यंत ऑर्डर फुगवतात, नको त्या वस्तू दुसऱ्या दिवशी रद्द करतात आणि सवलत खिशात घालतात. मग बैठक बसते आणि ‘आयटीने असं का केलं’ असा प्रश्न विचारला जातो. आयटीने काहीच वावगं केलेलं नसतं. कंपनीने न घेतलेला निर्णय तिच्या सर्वांत तरुण डेव्हलपरने घेतला, एवढंच झालेलं असतं.

आयटी आणि इतर विभाग यांना जोडणाऱ्या माणसाचं काम इथून सुरू होतं. त्याला कुठे बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणतात, कुठे प्रॉडक्ट ओनर, कुठे बिझनेस रिलेशनशिप मॅनेजर. या पदांमध्ये फरक आहेत. ढोबळ मानाने, अ‍ॅनालिस्ट गरज खणून काढतो, प्रॉडक्ट ओनर आधी काय आणि नंतर काय ते ठरवतो, आणि रिलेशनशिप मॅनेजर एखाद्या विभागाचा आयटीशी असलेला दीर्घकाळचा संबंध सांभाळतो. हा स्वतंत्र पेशा म्हणून उभा राहिला तोही तसा अलीकडेच. बिझनेस अ‍ॅनालिस्ट मंडळींची आंतरराष्ट्रीय संस्था आयआयबीए कॅनडात 2003 साली स्थापन झाली. पण कित्येक ठिकाणी असं पदच नसतं. अकाउंट्समधल्या ज्या बाईंना ‘कॉम्प्युटरचं बऱ्यापैकी कळतं’ त्याच हे काम करत असतात, आपल्या मूळ कामाव्यतिरिक्त.

निरोप्या होऊ नये

या कामाबद्दलचा सर्वांत रुळलेला समज असा की हा दुभाषाचा धंदा आहे. बिझनेसवाले एका भाषेत बोलतात, आयटीवाले दुसऱ्या, आणि मधला माणूस भाषांतर करतो. समज अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच फसवा आहे. भाषांतर करायला आधी मूळ मजकूर असावा लागतो. वरच्या मेलमध्ये मजकूरच नव्हता. एक इच्छा होती आणि तिच्यामागे दहा न ठरलेल्या गोष्टी.

दुभाषा म्हणून काम करणारा माणूस हळूहळू टपालवाला होतो. डेव्हलपरचा प्रश्न आला, विक्रीकडे फॉरवर्ड. विक्रीचं उत्तर आलं, डेव्हलपरकडे फॉरवर्ड. प्रत्येक फेरीत तीन दिवस जातात आणि दोन्हीकडची माणसं चिडतात. अशा माणसाला मधून काढलं तर काम उलट लवकर होईल, आणि ते दोन्ही बाजूंना कळायला फार वेळ लागत नाही.

खरं कौशल्य आहे ते प्रश्न अशा रूपात मांडण्यात की समोरच्याला निर्णय घेता यावा. समजा, विभागप्रमुखाला विचारलं: ‘अंशतः रवाना झालेल्या ऑर्डर रद्द करण्याबाबत विक्री विभागाची भूमिका कृपया कळवावी.’ या मेलला उत्तर येत नाही. आलंच तर ‘चर्चा करू’ असं येतं. तोच प्रश्न असा विचारून पाहा:

‘ग्राहकाने पाच वस्तू मागवल्या, दोन काल रवाना झाल्या, आज तो ऑर्डर रद्द म्हणतो. आपल्याकडे दोन मार्ग आहेत. पहिला: एकही वस्तू रवाना झाली असेल तर ऑनलाइन रद्द करता येणार नाही, ग्राहकाने फोन करायचा. दुसरा: उरलेल्या तीन आपोआप रद्द होतील आणि सवलत नव्याने मोजली जाईल. पहिल्याला दोन दिवस लागतील, दुसऱ्याला तीन आठवडे. गेल्या तीन महिन्यांत असे प्रसंग किती आले ते सोबतच्या तक्त्यात आहे. गुरुवारपर्यंत तुमचा निरोप नाही आला तर पहिला मार्ग धरून पुढे जातो.’

याला उत्तर येतं, बहुधा त्याच दिवशी. नीट पाहिलं तर त्यात चार गोष्टी आहेत: डोळ्यांपुढे उभा राहणारा एक प्रसंग, मोजके पर्याय, प्रत्येकाची किंमत आणि गप्प राहिल्यास काय होईल याची स्पष्ट सूचना. शेवटचं वाक्य थोडं आगाऊ वाटतं खरं. पण त्याच्याइतकं कामाचं वाक्य या पेशात दुसरं नाही. तक्ताही तितकाच महत्त्वाचा. महिन्याला चारच प्रसंग येत असतील तर तीन आठवडे कोड लिहिण्यापेक्षा चार फोन परवडतात, हे कुणालाही आकडा पाहून पटतं. आकडा नसेल तर त्याच मुद्द्यावर तास-तास वाद होतात, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं खरं ठरतं.

मागतात एक, हवं असतं दुसरं

‘या रिपोर्टला एक्सेलमध्ये डाउनलोड करायचं बटण द्या.’ आयटीकडे येणाऱ्या मागण्यांमध्ये ही मागणी नेहमीची. बटण देणं सोपं असतं, म्हणून बरेच जण ते देऊन मोकळे होतात. मधल्या माणसाने मात्र एकदा त्या टेबलापाशी जाऊन खुर्ची ओढून बसावं. ‘हे डाउनलोड झालं की पुढे तुम्ही काय करता, मला दाखवता का?’ एवढंच म्हणावं आणि मग तोंड बंद ठेवावं.

मग दिसतं ते असं. फाइल उघडते. तिच्यातले पहिले तीन कॉलम उडवले जातात. शेजारी बँकेचं स्टेटमेंट उघडतं. दोन्हींतल्या रकमा जुळवायला एक फॉर्म्युला असतो, तो आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेला. आता तो नेमका काय करतो ते कुणालाच सांगता येत नाही, पण तो काढायची हिंमतही होत नाही. न जुळलेल्या ओळी पिवळ्या केल्या जातात. त्या पिवळ्या ओळींची यादी मेलने तिघांना जाते. एवढ्यात सकाळ संपते.

गरज एक्सेलची नव्हतीच. न जुळलेल्या रकमा रोज सकाळी आपोआप समोर याव्यात, ही गरज होती. हे त्या टेबलावरच्या माणसाने का सांगितलं नाही? कारण सिस्टिमकडून तेवढी अपेक्षा करता येते हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माणूस मागतो ते आपल्याला शक्य वाटतं तेवढंच मागतो.

अशा एक्सेल फायलींना हसू नये. ऑफिसातली प्रत्येक जुनी एक्सेल फाइल, मॉनिटरला चिकटवलेली प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक खासगी वही म्हणजे सिस्टिमला माहीत नसलेला एक नियम आहे. ‘या ग्राहकाचं बिल दोन प्रतींत’, ‘हा कोड वापरू नये, जुना आहे’ असं त्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असतं. नवीन सिस्टिम येते तेव्हा जे बिनसतं ते बहुधा या चिठ्ठ्यांवरचं. म्हणूनच फक्त विभागप्रमुखाशी बोलून गरजा लिहून काढणं धोक्याचं. काम कसं व्हायला हवं ते प्रमुख सांगतात; ते कसं होतं हे त्या खुर्चीवर बसणाऱ्यालाच ठाऊक असतं. दोघांच्या सांगण्यात तफावत निघाली की कुणी खोटं बोलतंय असं धरू नये. तफावत हीच खरी माहिती.

याला दुसरी बाजूही आहे. कधीकधी खोलात गेल्यावर कळतं की एक्सेलचं बटणच योग्य आहे. वर्षातून दोनदा लागणाऱ्या कामासाठी मोठी स्वयंचलित व्यवस्था उभारण्यात अर्थ नसतो. ‘का’ हा प्रश्न विचारताना आपल्याला दर वेळी काहीतरी भव्य सापडलंच पाहिजे, असा हट्ट नसावा.

जाडजूड कागदपत्रं, आणि त्यांचा अभाव

एके काळी यावर उपाय होता तो सगळं आधी लिहून काढण्याचा. गरजा लिहा, सह्या घ्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी. या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात, आणि तिचं मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या निबंधाकडे बोट दाखवलं जातं. त्या निबंधात असे एकाखाली एक टप्पे काढलेली आकृती आहे हे खरं. पण ते टप्पे नुसते असेच राबवणं जोखमीचं आहे आणि त्यातून अपयश ओढवतं, असंही रॉइस यांनी तिथेच लिहिलं होतं. लोकांनी आकृती उचलली, खालचा मजकूर सोडून दिला.

अशा पद्धतीचा एक गाजलेला फटका अमेरिकेत एफबीआयला बसला. तपासाच्या फायली कागदावरून कॉम्प्युटरवर आणण्यासाठी ‘व्हर्च्युअल केस फाइल’ नावाची यंत्रणा बनवायला घेतली होती. गरजांचा दस्तऐवज 800 पानांच्या वर गेला. कुठल्या पानावर कुठलं बटण हवं इथपर्यंत तपशील त्यात होते. तरीही काम सुरू असताना मागण्या बदलत राहिल्या, नेतृत्व बदलत राहिलं, आणि 2005 साली सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून झाल्यावर प्रकल्प गुंडाळला गेला. नंतर आलेली ‘सेंटिनेल’ यंत्रणाही रखडली. 2010 मध्ये एफबीआयने ते काम स्वतःच्या हातात घेतलं, छोट्या टोळीने, छोट्या तुकड्यांत, वापरणाऱ्यांना दाखवत दाखवत ते करायला सुरुवात केली, आणि 2012 मध्ये यंत्रणा वापरात आली.

800 पानं लिहूनही काय राहून गेलं असेल? बटणाची जागा लिहून ठेवणं म्हणजे निर्णय नव्हे. एजंट आज काम कसं करतो, त्यातलं काय बदलायचं, आणि मतभेद झाला तर कुणाचा शब्द शेवटचा, हे पानांच्या संख्येने ठरत नाही.

जाडजूड कागदपत्रांच्या या पद्धतीला कंटाळून, एफबीआयचा प्रकल्प गुंडाळला जाण्याच्या आधीच, 2001 च्या फेब्रुवारीत 17 जण अमेरिकेच्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे जमले आणि त्यांनी एजाइलचा, म्हणजे छोट्या तुकड्यांत, वापरणाऱ्यांना दाखवत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. त्याच्या सोबत 12 तत्त्वं आहेत. त्यांतलं एक आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जातं: बिझनेसची माणसं आणि डेव्हलपर यांनी प्रकल्पभर रोज एकत्र काम केलं पाहिजे. रोज. महिन्यातून एका आढावा बैठकीत भेटून भागणार नाही.

आज जिथे तिथे एजाइल आहे: स्प्रिंट (एक-दोन आठवड्यांचे कामाचे टप्पे) आहेत, बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) आहे, रोज सकाळी उभ्याने होणारी पंधरा मिनिटांची सभा आहे. आणि त्या सभेत बिझनेसचं कुणीच नसतं. प्रॉडक्ट ओनर म्हणून जो बसवलेला असतो त्याला निर्णय घ्यायचा अधिकार नसतो. तो प्रत्येक प्रश्नावर ‘विचारून सांगतो’ म्हणतो. म्हणजे पुन्हा टपालच, फक्त फेऱ्या जलद. माझ्या मते कुठल्याही कंपनीत एजाइल खरंच आहे की नाही ते तपासायचा सोपा मार्ग म्हणजे एखाद्या छोट्या नियमाचा प्रश्न टाकून पाहावा आणि उत्तर यायला किती तास लागतात ते मोजावं.

कुणाचा शब्द शेवटचा?

ऑर्डर रद्द करण्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. विक्रीला वाटतं, ग्राहकाला जास्तीत जास्त मोकळीक द्यावी. गोदामाला वाटतं, माल बांधल्यावर रद्द करणं बंद. अकाउंट्सला वाटतं, इन्व्हॉइस निघालं की विषय संपला. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. मधल्या माणसाला यातला कुठलाही निर्णय घ्यायचा अधिकार नाही, आणि त्याने तो घेऊही नये. त्याने फक्त या तिघांना, किंवा या तिघांच्या वरच्या एका माणसाला, एकाच कागदासमोर आणायचं असतं.

मोठ्या संस्थांमध्ये नेमकं हेच राहून जातं. अमेरिकेत आरोग्यविम्यासाठीचं हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 रोजी सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी कोलमडलं. त्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. विम्याच्या योजना नुसत्या चाळून पाहायच्या असतील तरी आधी खातं उघडणं सक्तीचं केलं होतं, त्यामुळे साऱ्या गर्दीचा भार खातं उघडण्याच्या एका पायरीवर आला. नंतर झालेल्या सरकारी चौकशीत स्पष्ट नेतृत्वाचा अभाव हे एक ठळक कारण म्हणून पुढे आलं. कंत्राटदार डझनावारी होते. धोरण आणि तांत्रिक बाजू दोन्ही एकत्र पाहून ‘हे असं नको’ म्हणणारा एक माणूस नव्हता.

मेल्विन कॉनवे यांनी 1968 साली एक निरीक्षण मांडलं होतं, जे पुढे कॉनवेचा नियम म्हणून ओळखलं जाऊ लागलं. संस्था ज्या रचना घडवते त्यांत तिच्या आतल्या संवादाच्या रचनेची नक्कल उतरते. विक्री आणि अकाउंट्स एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या सिस्टिमही बोलत नाहीत. एकाच ग्राहकाचा पत्ता दोन ठिकाणी दोन प्रकारे नोंदलेला सापडतो तेव्हा डेटाबेस तपासण्याआधी ते दोन विभाग शेवटचे कधी एका टेबलाशी बसले होते ते विचारावं.

याचं छोटं रूप प्रत्येक आढावा बैठकीत दिसतं. विक्री विभाग महिन्याच्या विक्रीचा एक आकडा आणतो, अकाउंट्स दुसरा. दोघेही सांगतात की आकडा सिस्टिममधून काढलाय. ‘सिस्टिम चुकतेय’ म्हणून आयटीकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकलं जातं. आयटीने तपासल्यावर कळतं की एकाने ऑर्डरची तारीख धरली, दुसऱ्याने इन्व्हॉइसची. एकाने परत आलेला माल वजा केला, दुसऱ्याने नाही. सिस्टिमने दोघांनाही त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. हे तिकीट कोडमध्ये हात घालून बंद होत नाही. कुठल्या बैठकीत कुठला आकडा वापरायचा हे ठरवून, दोन्ही रिपोर्टच्या डोक्यावर आपापला हिशेब सांगणारी, उदाहरणार्थ ‘ऑर्डरच्या तारखेनुसार, परत आलेला माल वजा न करता’ अशी, एक ओळ छापली की बंद होतं.

उलट दिशेचं काम

आतापर्यंत बिझनेसचं म्हणणं आयटीपर्यंत नेण्याबद्दल बोललो. उलट दिशेचं काम तितकंच असतं, पण त्याचं कौतुक कमी होतं.

‘फॉर्मवर एक रकाना वाढवायचा तर तीन आठवडे कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘तांत्रिक कारणं आहेत’ असं उत्तर देणं उद्धटपणाचं आहे. रकाना कुठून कुठे प्रवास करतो ते दाखवावं. समजा, ग्राहकाचा दुसरा फोन नंबर घ्यायचाय. वेबसाइटच्या फॉर्मवर जागा करावी लागते, ते सोपं. डेटाबेसमध्ये जागा करावी लागते. जुन्या सगळ्या ग्राहकांसाठी तो रकाना रिकामा असणार. मग तो सक्तीचा ठेवला तर जुना ग्राहक पत्ता बदलायला गेला की अडकणार. मोबाइल अ‍ॅपची जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना हा रकाना दिसणारच नाही. रोज रात्री कुरिअर कंपनीला एक फाइल जाते, तिच्यातल्या कॉलमचा क्रम ठरलेला आहे. मधे एक घुसवला तर पुढचे सगळे सरकतात आणि पत्त्याच्या जागी फोन नंबर छापून येतो. शिवाय फोन नंबर ही खासगी माहिती, म्हणजे तो कुणाला दिसावा आणि किती काळ ठेवावा हेही ठरवायला हवं. हे एका कागदावर बाण काढून दाखवलं की विक्रीप्रमुख स्वतःच म्हणतात, ‘मग सध्या शेऱ्याच्या रकान्यात लिहू या का?’ तेही दर वेळी योग्य नसतं, पण आता चर्चा दोन जाणत्या माणसांमध्ये होते.

सिस्टिम बंद पडल्यावरचे निरोपही असेच. ‘डेटाबेस सर्व्हरवरची डिस्क भरल्यामुळे सेवा खंडित आहे’ हे वाचून बिलिंगच्या माणसाला काय कळणार? त्याला हवं असतं ते असं: सकाळी दहानंतर बिलं निघत नाहीत, आधी निघालेली सुरक्षित आहेत, परत सुरू झाल्यावर अर्धवट राहिलेलं बिल पुन्हा करावं लागेल, पुढचा निरोप साडेअकराला. कारण नंतर सांगितलं तरी चालतं.

प्राधान्यक्रमाबद्दल थोडक्यात. हवंच, असावं, असलं तर बरं आणि सध्या नको, अशा चार गटांत मागण्या वाटायची मॉस्को नावाची एक पद्धत आहे. डाय क्लेग यांनी ती 1994 साली मांडली. पद्धत चांगली आहे, पण प्रत्यक्षात सगळं ‘हवंच’मध्ये जाऊन बसतं. ‘हे हवं असेल तर यादीतलं कोणतं मागे ढकलू?’ हा एक प्रश्न त्या चार गटांपेक्षा जास्त काम करतो.

यूएटी आणि ती सही

काम होत आलं की यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी करायची चाचणी. विभागातल्या लोकांनी नवीन सिस्टिम वापरून पाहायची आणि सही द्यायची. गो-लाइव्हला, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष वापरात यायला, चार दिवस उरलेले असतात, महिनाअखेर असते, आणि त्या लोकांना आपलं रोजचं कामही असतं. मग चाचणी होते ती अशी: एक ग्राहक, नाव ‘टेस्ट टेस्ट’, एक वस्तू, एक ऑर्डर, रद्द, चालतंय, सही.

मधल्या माणसाने इथे आधीच पाऊल उचलायला हवं. खऱ्या फायलींतून सर्वांत वाकडे प्रसंग शोधून ठेवावेत: दोन वेळा सवलत मिळालेली ऑर्डर, अर्धी रवाना झालेली, महिन्याच्या शेवटच्या तासात आलेली, परदेशी चलनातली. त्यांची बरोबर उत्तरं अकाउंट्सकडून आधी हाताने काढून घ्यावीत आणि मग सिस्टिमचं उत्तर त्यांच्याशी ताडून पाहावं. आणि साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा तरी चालवावी. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 1999 च्या सप्टेंबरमध्ये मंगळापाशी गमावलं गेलं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंद या ब्रिटिश पद्धतीच्या एककात आकडे देत होतं आणि ते घेणारी बाजू न्यूटन-सेकंद हे मेट्रिक एकक धरून चालली होती. दोन्हींत जवळपास साडेचार पटींचा फरक. न्यूटन-सेकंद वापरायचे हे लिखित ठरलेलं होतं. दिशादर्शन करणाऱ्यांना काहीतरी जुळत नसल्याची शंकाही आली होती, पण ती योग्य मार्गाने वरपर्यंत गेली नाही. कागद होता, सही होती. टोकापासून टोकापर्यंतची तपासणी पुरेशी झाली नव्हती.

निर्णयांची एक साधी नोंदवही ठेवली तर पुढचं बरंच सुकर होतं. त्यात प्रश्न काय होता, काय ठरलं, कुणी ठरवलं, कधी, आणि तेव्हा कोणती माहिती हाताशी होती, एवढंच लिहायचं. शेवटचा रकाना बरेच जण गाळतात. दोन वर्षांनी नियम बदलायची वेळ येते तेव्हा तोच लागतो. ‘तेव्हा महिन्याला चारच प्रसंग यायचे म्हणून फोनवर ठेवलं’ हे वाचलं की आता चारशे येत असताना तो नियम मोडायला कुणाची परवानगी शोधत बसावं लागत नाही.

आता कोड लिहायला एआयची साधनं आली आहेत आणि ‘मधला माणूस कशाला हवा’ असा प्रश्न विचारला जातोय. ‘ग्राहकाला ऑर्डर रद्द करता यावी’ ही ओळ अशा साधनाला दिली तर मिनिटाभरात चालणारा कोड मिळतो. सवलतीचं काय, अर्ध्या रवाना झालेल्या ऑर्डरचं काय, याबद्दल त्याने काहीतरी धरून चाललेलं असतं आणि ते कोडमध्ये कुठेतरी गाडलेलं असतं. पूर्वी डेव्हलपर निदान अडखळायचा, वैतागून एखादा मेल टाकायचा. आता तो अडखळण्याचा क्षणही कमी झाला आहे. या साधनांचा एक चांगला वापर मात्र मला सापडला आहे: कोड मागण्याआधी त्यांना विचारायचं की ही ओळ अमलात आणायची तर तू काय काय गृहीत धरशील, त्याची यादी दे. यादी बऱ्यापैकी पूर्ण येते. कमिशन आणि बंद झालेल्या महिन्याचा मुद्दा तिच्यात नसेल तर आपण घालायचा, प्रत्येक ओळीपुढे निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहायचं आणि ती यादी घेऊन आधी अकाउंट्सकडे जायचं, कारण त्यांचं ‘नाही’ सर्वांत उशिरा आलं तर सर्वांत महाग पडतं.